थापेखालचं नाव

आईचा आवाज वेणूला आठवायचा तो पाठीतून आलेला. रानात खुरपायला जाताना आई तिला पाठुंगळी घ्यायची आणि वेणू त्या पाठीला कान लावून पडायची. गाणं मग तोंडातून येतच नसे. ते बरगड्यांतून यायचं, उबदार, घुमलेलं, आडात घागर बुडावी तसं. शब्द अर्धे हाडात विरायचे, अर्धे कानात उतरायचे.

सात सूर सांडले नदीत, मासोळ्यांनी वेचले गं,
माझ्या ओच्यात उरलं मौन, तेच मी गं जपलं गं.

वेणू सहा वर्षांची असताना आई तापाने गेली. गाणं मागे राहिलं, आणि पुढे ते दुसऱ्याच्या नावावर चढलं.

“ऐकतेस ना?” निखत म्हणाली. “हे बोंड उजव्या कानाचं. नीट आत जाऊ दे. आणि पेटी एवढीशीच का, असं विचारू नकोस, सगळे तेच विचारतात.”

“मी विचारणार होते, एवढी जड का?”

कोल्हापूरबाहेरच्या टेकडीवर, प्रयोगशाळेच्या निर्नादकक्षात त्या दोघी बसल्या होत्या. या खोलीच्या भिंती आवाज गिळत. बोललेला शब्द ओठांपुढे हातभर गेला की मरून पडे. डॉ. निखत शिकलगार यांनी अकरा माणसांचा चमू घेऊन इथे ‘कर्णिका’ घडवली होती, खिशात मावणारी नादपेटी. काड्यापेटीहून जरा मोठी, तांब्याच्या अंगाची. तिला पडदा नव्हता, नुसती एक चकती होती. ती फिरवली की अडकित्त्याने सुपारी कातरावी तसा बारीक कट् आवाज येई. संध्याकाळी तिचं लोकार्पण होतं. त्याआधी पहिलं मत द्यायला निखतने वेणू घोलपला बोलावलं होतं. नादयंत्रांची पारख करणाऱ्यांत वेणूच्या शब्दाला वजन होतं. तिने नाक मुरडलेली यंत्रं दुकानांच्या फळीवर धूळ खात पडत. शिवाय दोघी कॉलेजात एकाच खोलीत राहिलेल्या.

वेणूने डोळे मिटले आणि सवयीने मोठ्याने बोलू लागली.

“खर्ज भरलेला आहे, फुगलेला नाही. डफाचं कातडं ताणलेलं आहे, कुणीतरी नुकतंच शेकून आणलंय. तुणतुणं डावीकडे. मागे झील धरणाऱ्या तीन बाया... नाही, चार. एकीला पडसं झालंय.” ती हसली. “निखत, ही फीत मी हजारदा ऐकली असेल. ही चौथी बाई मला कधी भेटलीच नव्हती!”

कर्णिकेत आज भरलेली फीत कासारखिंडीच्या देवळात एका लोकसाहित्य-संग्राहकाने उतरवलेली होती, वेणूच्या लहानपणी. शाहीर राणोजी मुळीक यांचा कलगीवाल्यांचा फड. डफ शाहिरांच्या हातात, गाणारी वेणूची आई. वेष्टनावर छापलं होतं: ‘गायन: चंद्रभागा घोलप. कवन: शाहीर राणोजी मुळीक.’ हे कवन राणोजींचं नाही, आईचं आहे, असं वेणू वीस वर्षं लिहीत होती, सभांमधून उठून बोलत होती. पुरावा एकाच जागी असू शकत होता. शाहिरी कवनाच्या शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. ती त्याची नाममुद्रा. आणि या फितीत नेमकं त्या नावावर डफाची थाप पडलेली होती. धाड! आणि त्यापुढे, ‘...म्हणे, शब्द पेरले, कापणी करो कुणी गं.’

शेवटचं कडवं आलं. थाप पडली, पण या वेळी तिच्याआडून, धुक्यातून बैलगाडी निघावी तसा, आईचा आवाज स्वच्छ निघाला.

चंद्रा म्हणे, शब्द पेरले...

वेणूने बोंडं उपटून काढली.

“मिळालं! निखत, मिळालं गं! चंद्रा म्हणतेय ती. वीस वर्षं मला वेडी ठरवलं या लोकांनी. आता कुठे तोंड लपवतात बघू!”

निखत हसली नाही. तिने चकती फिरवून फीत थांबवली.

“काय झालं?”

“मीही ऐकलंय ते कडवं, वेणू. पुष्कळदा. मला तिथे ‘राणू’ ऐकू येतं.”

“शक्य नाही.”

“आमच्या हिशेबनिसाला ‘कान्हू’ ऐकू आलं. त्याच्या गावचा कुणी शाहीर होता त्या नावाचा.”

वेणू हळूच म्हणाली, “नीट सांग. मला शाळकरी पोर समज आणि सांग.”

“आपला कान नुसता ऐकत नाही, तो बोलतोही,” निखतने सुरुवात केली. “आतल्या शंखात केसपेशी असतात. आवाज आला की त्या हलतात, आणि त्यांच्या हलण्याचा अगदी बारीक आवाज उलट बाहेर येतो. आम्ही त्याला कर्णस्पंद म्हणतो. जन्मलेल्या बाळाला ऐकू येतं का, हे दवाखान्यात त्याच्यावरूनच तपासतात. यात नवं काही नाही.”

“मग नवं काय?”

“मेंदू कानाला आधीच वर्दी देतो. ओळखीचं गाणं असलं की पुढचा सूर यायच्या आत कान त्या सुराला लावून ठेवलेला असतो, तुणतुण्याची तार पिळून ठेवावी तसा. ते लावणं स्पंदात उमटतं. बोंडात एक सूक्ष्मग्राहक आहे, तो हे टिपतो. फितीत जिथे भोक आहे तिथे कर्णिका शेकडो शक्यता कानापुढे धरून बघते, तुला कळणार नाही इतक्या हलक्या, इतक्या झटपट. कान ज्याला दाद देतो ती ठेवते आणि गाणाऱ्याच्याच आवाजात मोठी करते. श्रुतिपूर्ती म्हणतो आम्ही.”

“म्हणजे मी ऐकलं ते...”

“तुझ्या कानाने मागितलं.”

“आणि थापेखाली? खरं काय आहे थापेखाली?”

“काही नाही. डफाचा आवाज फितीला झेपला नाही, त्याखालचं सगळं पुसलं गेलंय. मी स्वतः चाळलंय. रिकामं आहे, वेणू.”

वेणू उठली. त्या खोलीत पावलांनाही आवाज नव्हता, त्याने तिचा राग आणखी भडकला.

“पेटीच्या वेष्टनावर काय छापलंयस? ‘मूळनिष्ठ ध्वनी.’ निष्ठा कुणाशी गं ही? मुळाशी की गिऱ्हाइकाशी?”

“शंभरातल्या नव्व्याण्णव ठिकाणी दोन्ही एकच असतं. ओरखडा पडलेला शब्द सगळ्यांना पाठ असतो, तोच परत येतो. म्हातारी माणसं रडतात ऐकून.”

“रडणारच! आरशाने गोड बोलायला सुरुवात केली तर कोण रडणार नाही?” मग काहीतरी सुचून ती थबकली. “आणि ज्याच्या कानात कुठलंच नाव नाही? दिल्लीचा, दुबईचा कुणी? त्याला काय ऐकू येतं?”

निखतने नजर चुकवली. “पूर्वभरणी असते. कान काहीच मागत नसेल तर फितीच्या वेष्टनावरचं कवीचं नाव जातं.”

“म्हणजे आज संध्याकाळपासून जगभरच्या कानांत माझी आई ‘राणू म्हणे’ म्हणणार. तिच्या आवाजात. आजवर नुसतं नाव चोरलं होतं त्यांनी. तुम्ही तर तिलाच साक्षीला उभी केलीत, चोराच्या बाजूने! मेलेल्या बाईच्या तोंडात शब्द कोंबताना हात कसा कापला नाही तुझा?”

“मी तिथे चंद्रा भरू? कशाच्या जोरावर? आठवून सांग,” निखतचा आवाजही चढला, “तू स्वतः ऐकलंयस तिच्या तोंडून ‘चंद्रा म्हणे’?”

वेणूने तोंड उघडलं. आठवणीत ऊब होती, चाल होती, मासोळ्या होत्या. आणि शेवटच्या कडव्यात एक शब्द होता, दोन अक्षरांचा, लांब, जो आई जरा मान वर करून म्हणायची. तो शब्द चंद्रा होता. की आईचं नाव चंद्रभागा होतं म्हणून तिथे नंतर चंद्रा येऊन बसलं होतं? पाठीला कान लावून शब्द फुटकेच ऐकू यायचे. तिला शपथ घेता येईना. शपथ घेता येईना याचाच तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

“शाहीर येणारेत ना आज? शाल पांघरायला?” तिने विचारलं.

“येतील एवढ्यात.”

“त्यांना ऐकव हे. समारंभाआधी.”

“त्यांना ‘राणू’च ऐकू येईल.”

“कवन त्यांनी बांधलं असेल तर. निखत, कान खोटं बोलू शकतो?”

“तोंड बोलतं. कान नाही,” निखत म्हणाली. मग घाईने पुढे, “पण यंत्र काय करतं ते त्यांना आधी सांगावं लागेल. न सांगता एखाद्याच्या कानात शिरणं बरं नव्हे.”

“वा! साऱ्या जगाच्या कानात न सांगता शिरायला निघालीयस, आणि एका राणोजी मुळीकाचीच तुला लाज वाटते?”

निखतने फीत पुन्हा सुरुवातीला नेली.

शाहीर आले ते आधी फेटाच दारातून आत आला, मग ते. ऐंशी उलटलेलं, काटक शरीर, भुवया पांढऱ्या पण आवाजाला अजून धार. खुर्चीत बसत त्यांनी भिंतींकडे पाहिलं.

“मसणागत गप हाय की गं ही खोली. हितं थाप मारली तर ऐकू तरी यील का?”

“तुमच्या थापा कुठेही ऐकू येतात, शाहीर,” वेणू म्हणाली.

म्हाताऱ्याने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि मान हलवली. “वळखलं. घोलपाची लेक. पेपरात माझी सालटी काढती ती तूच न्हवं? लिवती झ्याक. आईवर गेलीस.”

“मग आईचं तिला द्या.”

“पुन्हा तेच. अगं, कवन माझं हाय.”

“‘माझ्या ओच्यात उरलं मौन’! तुम्ही कधीपासून लुगडं नेसायला लागलात? ओचा कुठून आला तुमच्याकडे?”

राणोजी खो खो हसले. “शाहिराच्या पेटीत शंभर लुगडी असत्यात, पोरी. राधा व्हऊन रुसलोय म्या, सीता व्हऊन रडलोय. मिशी हाय म्हणून काय बाईचं दुख गाऊ नये?” हसताना त्यांनी निखतला डोळ्याने खुणावलं. “लई तापट हाय ही. चहा पाज हिला.”

या माणसाशी भांडण म्हणजे पुरात काठी मारणं होतं. गेली वीस वर्षं तो असाच हसत आला होता, प्रत्येक सभेत, आणि सभाही त्याच्याबरोबर हसत आली होती.

निखतने कर्णिका त्यांच्या हातात ठेवली. “शाहीर, आधी एक सांगते. फितीत जिथे आवाज पुसलाय, तिथे हे यंत्र आपण होऊन भर घालतं. जे ऐकू येईल ते...”

“आगं लाव की. डॉक्टरणीगत बोलत बसू नगंस. माझंच गानं हाय, मला काय त्येचं भ्या?”

बोंडं कानात गेली. चकती कट् वाजली. गाणं बाकी दोघींना ऐकू येत नव्हतं. दिसत होता तो फक्त म्हातारा. त्याचा चेहरा सैल झाला. उजवा हात मांडीवर ताल धरू लागला. पडशातल्या झीलकरणीपाशी बहुधा तो स्वतःशीच हसला. “हौसा,” तो पुटपुटला, “तिला बारमास पडसं.”

मग हात वर उठला, थापेसाठी, आणि खाली आलाच नाही.

तो तसाच अधांतरी राहिला. शाहिरांनी डोळे उघडले. ते कुणाकडेच पाहत नव्हते.

“परत लाव,” ते म्हणाले.

निखतने परत लावलं. या खेपेला हात मांडीवरून उठलासुद्धा नाही. त्यांनी बोंडं काढली, तळहातावर घेतली आणि विंचवाकडे पाहावं तसं त्यांच्याकडे पाहिलं.

“ह्या डबीला कुणी सांगितलं?”

“काय सांगितलं?” वेणू पुढे झाली.

“तिथं माझी थाप हाय. थापंखालचं कुणाला ठावं न्हाई. आता कुणी उरलंच न्हाई. मग हिला कुणी...” ते मधेच थांबले. ओठ घट्ट मिटले. पण बोलून गेलेलं परत येत नाही.

“थापेखालचं,” वेणूने एकेक अक्षर सोडवलं. “म्हणजे थापेखाली काहीतरी होतं. तुमचं नाव नव्हतं.”

“म्या असं म्हणलं न्हाई.”

“शाहीर,” निखत म्हणाली, आणि तिच्या आवाजात आता यंत्राची मालकीण नव्हती, “डबीला कुणीही सांगितलेलं नाही. तिला काहीच माहीत नसतं. मघाशी सांगत होते ते हेच. ज्याच्या कानात जे नाव आहे तेच ती बाहेर काढते. माझ्या कानात ‘राणू’ होतं, वेष्टनावर वाचलेलं. हिच्या कानात दुसरं. तुम्ही जे ऐकलंत ते तुमच्याच आतून आलंय.”

म्हातारा हळूहळू लाल झाला. “म्हंजी फसवलं मला! पोरीच्या जातीनं घरात बोलवून कानात हात घातला माझ्या!”

“आणि तुम्ही?” वेणू ओरडली. त्या खोलीने ओरडणंही गिळलं, म्हणून ती आणखी ओरडली. “तुम्ही एका बाईच्या तोंडावर हात ठेवलात, भर देवळात, सगळ्यांसमोर, आणि लोक म्हणाले, काय ताल आहे शाहिरांचा! ती थाप समेवर होती का? खरं सांगा. मी मोजलीय ती. अर्धी मात्रा आधी पडलीय. आयुष्यभराच्या तालात एवढी एकच चूक, आणि ती नेमकी नावावर?”

“चूक न्हवती,” राणोजी म्हणाले.

वेणू एक पाऊल पुढे आली.

“चूक न्हवती ती. मारली म्या. एका जत्रंपासनं दर बारीला मारत आलो.” शाहिरांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. त्याखालचं डोकं अगदी लहान दिसत होतं. “त्या साली जत्रंत समोरच्या तुरेवाल्यांनी सवाल टाकून कोंडीत धरलं हुतं मला. सवालाला जबाब सुचंना. तिनं मागनं हे कवन फुडं सारलं. म्या गायलो, आन् जितलो. हरलो असतो तर दिलं असतं गं तिचं नाव, खुशाल दिलं असतं. जितलो, तितं घोटाळा झाला. गावानं खांद्यावर घेतलं. खांद्यावर बसल्यावर खाली उतरून कोण सांगतं, हे माझं न्हवं म्हणून?”

“आणि ती? ती काय म्हणाली?”

“हसली. ‘कापणी करो कुणी,’ म्हणली.”

“कापणी करा म्हणाली होती!” वेणूचा आवाज चिरकला. “पेरणारीला बांधाखाली पुरा, असं नव्हती म्हणाली. पुरे झालं आता. ते नाव एकदा म्हणा. मला सभा नको, शाल नको, छापील माफी नको. या खोलीत, माझ्यासमोर, तोंडाने म्हणा. चंद्रा म्हणा.”

शाहिरांच्या भुवया वर गेल्या. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ आश्चर्य होतं.

“चंद्रा? चंद्रा कशाला म्हनंल ती?”

“म्हणजे?”

“चंद्रभागा हे घोलपांनी ठिवल्यालं नाव. लगनात, ताटातल्या तांदळात अंगठीनं लिवून. कवन तिनं बांधलं ते माहेरात, आमच्या आळीत. लगीन व्हऊन दोन गावं वलांडून गेली, पर गाताना मुद्रा बदलली न्हाई. म्हनायची, नवऱ्याचं नाव कुकवाला, गान्याला माझं.”

वेणूच्या आईचं माहेर धरणात गेलं होतं. आळी पांगली होती, मामा-मावश्या कुठे विखुरल्या कुणाला ठाऊक नव्हतं. शाळेच्या दाखल्यापासून मृत्यूच्या नोंदीपर्यंत सगळीकडे चंद्रभागाच होतं. दुसरं काही असेल, हे विचारावं, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. ज्या नावासाठी ती वीस वर्षं भांडली, तेही दुसऱ्यांनीच आईला लावलेलं होतं. मघाशी कानात ‘चंद्रा’ स्वच्छ ऐकताना आपण आनंदाने ओरडलो, हे आठवून तिला स्वतःच्या कानाची शिसारी आली. तिनेही एक थापच मारली होती, त्याच जागी.

“बघ वेणू,” निखत खालच्या आवाजात म्हणाली, “तुला मी हजार कर्णिका दिल्या असत्या तरी ते नाव ऐकू आलं नसतं. तुझ्या कानात ते नाहीच.” मग ती म्हाताऱ्याकडे वळली. “कर्णिकेतही नाही, फितीतही नाही. शाहीर, ते आता फक्त तुमच्यात आहे. तुमच्याबरोबर गेलं की गेलं.”

बाहेर समारंभाची माणसं जमू लागली असतील. इथे काही ऐकू येत नव्हतं. वेणूने मान वर केली. तिचे डोळे कोरडे झाले होते आणि आवाज अगदी खाली आला होता; तो ओरडण्याहून कठीण होता.

“डफ नाहीये आज तुमच्या हातात,” ती म्हणाली. “घेऊन बसलात माझ्या आईचं नाव, पंचेचाळीस वर्षं. मी तिची मुलगी आणि मला ते ठाऊक नाही. तुम्ही तिचे चोर आणि तुम्हाला ते पाठ आहे! झोपेत विचारलं तर कान सांगतो तुमचा. मग तोंडाला काय झालंय?”

राणोजींनी हात मांडीवर सपाट ठेवले, दोन्ही. घसा खाकरला. पहिल्यांदा नुसतीच हवा आली. शाहीर पुन्हा प्रयत्न करू लागले, जरा मान वर करून.

“गौरा,” ते म्हणाले. “गौरा हुतं तिचं नाव.”